बघू म्हणणारं घर

चिमीच्या माहेरी पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणायची पद्धत नव्हती. कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: बघू. चहा टाकू का? बघू. चार दिवस राहशील का? बघू. अंगात ताप आहे, डॉक्टरकडे जाऊ या का? बघू. खरं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळायचं, आणि दुसऱ्यांदा विचारणं हे विचारणाऱ्याचं काम. जो एकदा विचारून गप्प बसला तो तोंडदेखलं विचारत होता, इतका सरळ मामला. घरातल्या कोणाला यात काही वावगं वाटत नसे. पंचाईत व्हायची ती बाहेरच्यांची. दादाचं लग्न यापायीच राहिलं. खालच्या शाळेतल्या एका धीट बाईंनी त्याला एकदा सरळच विचारलं होतं, माझ्याशी लग्न करशील का. दादाला आभाळ ठेंगणं झालं आणि तो म्हणाला, बघू. बाईंनी तो नकार समजून बदली घेतली आणि दादा कितीतरी दिवस त्यांच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसला. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, तिच्या मनातच नव्हतं, असतं तर पुन्हा नसतं का विचारलं तिनं?

चिमी आता पन्नाशीची होती, पण माहेरचं नाव चिकटलं ते चिकटलंच. शहरात तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर जड चौकट चढवायची आणि एकेक काच बदलत विचारायचं, ही बरी की ती? पुन्हा सांगा, ही की ती? गिऱ्हाइकाच्या पहिल्या उत्तरावर तिचा कधी विश्वास बसत नसे. माणूस घाईनं काहीतरी बोलून जातो, खरं दुसऱ्या वेळी बोलतो, हे ती दुकानात आलेल्या प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगायची. म्हणजे दुसऱ्यांदा विचारणं हा तिच्या घरचा रिवाज होता आणि पोटापाण्याचा धंदाही. म्हणूनच तिनं जे केलं त्याला विसरभोळेपणा म्हणता येत नव्हतं.

केलं होतं ते इतकंच. आईला काचबिंदू होता. दोन्ही बाजूंची नजर हळूहळू मिटत गेली, मग मधली. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळेपर्यंत उशीर झालेला असतो आणि गेलेली नजर परत येत नाही. आईला असला की मुलांनी दरवर्षी डोळे तपासून घ्यायचे असतात, हे चिमीला नाही कळणार तर कोणाला? ती स्वतःचे न चुकता तपासत होती. दादालाही ती फोनवर म्हणाली होती, एकदा ये आणि डोळे दाखवून जा. दादा म्हणाला, बघू. आणि चिमीनं विषय बदलला. दादा शहरात आला असता तर त्या आंधळ्या, अंथरुणाला खिळलेल्या, रात्रंदिवस हाका मारणाऱ्या आईजवळ कोणीतरी राहायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे चिमी. तिला ते नको होतं. पुढच्या फोनला विचारू, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि पुढच्या फोनला काही विचारलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग आई गेली, तरी नाही. कारण आता विचारायचं म्हणजे इतके दिवस का नाही विचारलं तेही सांगावं लागणार.

माणसाच्या मनाला अशी ठसठस लागली की ते काहीतरी विकत घ्यायला धावतं. चिमीनं यंत्र घ्यायचं ठरवलं.

यंत्राची गरज खरीच होती. घर डोंगराच्या कुशीत, आणि घराच्या मागे भिंतीसारखा उभा उतार. आईच्या आजारपणात दादानं तिच्या खाटेजवळची जागा सोडली नाही आणि तेवढ्यात घाणेरीच्या काटेरी झुडपांनी सगळा उतार घशात घातला. वर पाण्याचा झरा होता, त्याची नळी त्या काट्यांत कुठेतरी फुटली होती. दादा खालच्या रस्त्यावरून पाणी भरून आणत होता. हाताशी कोयता आहे, होईल हळूहळू, असं तो फोनवर म्हणायचा. चिमीनं विचारलं, मी यंत्र पाठवू का? दादा म्हणाला, बघू. तिनं लगेच, त्याच दमात, दुसऱ्यांदा विचारलं. दादा म्हणाला, पाठव. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. यंत्राचं कसं पटकन विचारता आलं.

यंत्रांचं दुकान शहराच्या टोकाला होतं. पत्र्याची उंच शेड, आत तेलाचा वास, भिंतीला खांद्यावरची गवतकापणी यंत्रं ओळीनं टांगलेली. दुकानदार जाडजूड आणि बोलका होता. आपल्याकडच्या यंत्रानं डोंगरच काय, सासुरवाडीही सपाट करता येते, हा विनोद तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असावा. पण प्रश्न त्यानं नेमके विचारले. झुडपांची खोडं किती जाड? मधे दगड आहेत का? चढ किती?

चिमीनं फोनमधले जुने फोटो दाखवले. दुकानदारानं फोन आडवा केला, उभा केला आणि ओठ मुडपले. मग एकेका यंत्राजवळ नेऊन त्यानं सांगायला सुरुवात केली. खांद्यावरचं हलकं, कुठेही नेता येतं, पण चालवणाऱ्याचे पाय घट्ट हवेत आणि समोर फिरणाऱ्या पात्यावर नजर हवी; उतारावर घसरला की पातं कुठे जाईल सांगता येत नाही. दोन चाकांचं, मागून हँडल धरून चालवायचं, ते ताकदीचं, पण बेताच्या चढावर. फार उभ्या चढावर ते माणसाला ओढत खाली नेतं. आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं ते तिसरं. बुटकं, रुंद, रणगाड्यासारखे रबरी पट्टे असलेलं, पोटाखाली लोखंडी हातोड्या गरगर फिरवणारं. ते रिमोटवर चालतं. माणसानं लांब उभं राहायचं, गळ्यात रिमोटची पेटी अडकवायची आणि दोन दांड्या हलवायच्या.

ते बघताच चिमीचा जीव त्यात अडकला. सगळ्यांत महाग तेच होतं आणि तिला ते महाग आहे याचंच बरं वाटत होतं. लांब उभं राहायचं, हेही तिला पटलं. लांब उभं राहण्याचा तिला चांगला सराव होता.

“चालवणार कोण?” दुकानदारानं शेवटी विचारलं.

चिमी म्हणाली, माझा भाऊ. वय? साठीचा. तब्येत? चांगली आहे. हात स्थिर आहेत? हो. नजर? इथे चिमीची जीभ अडखळली. दुकानदारानं मान वर करून पाहिलं. तिच्या दुकानाचं नाव त्याच्या ओळखीचं होतं, त्याच्या बायकोचा चष्मा तिथलाच. तो हसून म्हणाला, मी पण कोणाला विचारतोय! आणि त्यानं पुढचा प्रश्न घेतला. चिमीनं त्याला अडवलं नाही.

चढ मोजून कळवा, म्हणजे कोणतं यंत्र ते पक्कं करू, असं त्यानं सांगितलं. फळी उतारावर टेकवायची, तिच्यावर फोन ठेवायचा, फोनच आकडा दाखवतो. दादानं मोजून आकडा कळवला. दुकानदार म्हणाला, एवढ्याशा चढाला तर दोन चाकांचं पुष्कळ झालं, उगाच मोठं कशाला घेता? चिमी चक्रावली. त्या उतारावरून लहानपणी ती बसून घसरायची, तेही दोन्ही हातांनी गवत धरून. तो इतका सौम्य कधी झाला? तिनं दादाला विचारलं. मोजलंय मी नीट, दादा जरा तुटकच म्हणाला. तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण तिनं त्याकडे कानाडोळा केला. दुकानदाराला म्हणाली, रिमोटवालंच घेऊन चला, तिथे बघून ठरवू.

रविवारी सकाळी दुकानदारानं यंत्र ट्रकवर चढवलं आणि चिमी त्याच्याशेजारी बसून माहेरी निघाली. आई गेली तेव्हा आठवडाभर राहून आली होती, त्यानंतर ती पहिल्यांदाच तिकडे जात होती. वाटेत दुकानदार अखंड बोलत होता आणि ती हूं हूं करत होती. गाडी घराशी पोहोचत नसे. खाली रस्त्यावर थांबवायची आणि पायवाटेनं वर चढायचं. दादा खालीच येऊन उभा होता. वाळला होता, पण ताठ होता. चिमीनं हाक मारली, तेव्हा तिच्या दिशेनं वळायला त्याला क्षणभर वेळ लागला, आणि मग तो तोंडभर हसला.

यंत्र आपल्या पट्ट्यांवर गुरगुरत पायवाटेनं वर निघालं, दुकानदार रिमोट घेऊन त्याच्यामागे, आणि त्यांच्यामागे हे दोघं. पायवाट मधेच एका ठिकाणी काटकोनात वळते. त्या वळणावर लिंबाचं झाड होतं. आईची नजर जाऊ लागली तेव्हा दादानंच ते लावलं होतं. घराबाहेर पडलेली आई वळणावर आली की हात पुढे करायची, एक पान चुरडायची, वास घ्यायची आणि बरोबर वळायची. झाड आता मनगटाएवढं झालं होतं. त्याच्या एका अंगाला पायवाट, दुसऱ्या अंगाला, घरामागून वळसा घेत तिथवर आलेल्या उतारावर, घाणेरीचं रान सुरू. तिथे पोहोचल्यावर दादानं हात पुढे केला, एक पान तोडलं, चुरडलं आणि नाकाशी नेलं. चिमीला भरून आलं. आईची किती आठवण काढतो हा, असं तिला वाटलं. दुसरं काही वाटायला हवं होतं, पण ते तिला तेव्हा वाटलं नाही.

घरात सगळं जिथल्या तिथे होतं, जरा जास्तच. खुर्ची भिंतीला चिकटून, कप चुलीच्या अगदी उजव्या हाताला, दाराजवळ काठी. आईसाठी लावलेली ती मांडणी दादानं हलवली नव्हती. त्यानं चहा केला. ओतताना एक बोट कपाच्या आत धरलं होतं. दुकानदारानं चहा पिता पिता मागच्या दारातून उतार पाहिला आणि कप खाली ठेवला. त्यानं स्वतः फळी नेऊन टेकवली, आकडा वाचला आणि दादाकडे वळून म्हणाला, अहो, तुम्ही सांगितलेल्याच्या दुपटीनं आहे हा. तुम्ही मोजलं कुठे?

दादानं पायवाटेकडे हात केला. त्यानं चढ पायवाटेवर मोजला होता. वळणं घेत चढणाऱ्या, माणसांच्या पायांनी सोपी केलेल्या पायवाटेवर. उतारावर चढायची काय गरज, उगाच पडलो असतो, असं तो हसत म्हणाला. दुकानदारही हसला. जन्म त्या उतारावर काढलेला माणूस तिथे पाऊल टाकायला बिचकतो, हे ऐकून चिमीला हसू आलं नाही. तिनं विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात दुकानदारानं यंत्र चालू केलं आणि त्या आवाजात बोलणंच खुंटलं. तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं.

आधी दुकानदारानं चालवून दाखवलं. यंत्र उतारावर खेकड्यासारखं चिकटून आडवं सरकत होतं आणि त्याच्यामागे घाणेरीचा भुगा पडत होता. मग त्यानं दादाच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली, गळ्यात रिमोट अडकवला, दांड्या समजावल्या, यंत्राच्या खालच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही हे तीनदा बजावलं. दादा लहान मुलासारखा खूश झाला होता. आणि त्याला ते जमलंही. एक पट्टा सरळ, परत वळून दुसरा पट्टा सरळ. लाल, पिवळी फुलं लागलेली ती झुडपं समोरून नाहीशी होत होती, खालची काळी माती कित्येक वर्षांनी उजेडात येत होती. दुकानदाराचा फोन वाजला म्हणून तो घराच्या कोपऱ्यामागे गेला. चिमी मागे उभी राहून बघत होती. तिला वाटलं, झालं, आता झऱ्याची नळी सापडेल, पाणी येईल, आणि आपलं कर्तव्यही एकदाचं पार पडेल.

तिसऱ्या पट्ट्याला यंत्र पायवाटेच्या वळणाकडे सरकलं. दादाची नजर यंत्राच्या नाकावर खिळलेली होती. आणि मग चिमीला दिसलं की तो मान हलवतोय. बारीक झटक्यांनी, आधी डावीकडे, मग उजवीकडे, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. ही हालचाल तिनं दुकानात किती जणांची पाहिली होती. खुर्चीत बसलेलं माणूस अशी मान फिरवू लागलं की ती चष्म्याचं काम बाजूला ठेवायची आणि डॉक्टरकडे चिठ्ठी द्यायची. आईसुद्धा सुरुवातीला अशीच करायची.

यंत्र लिंबाच्या रोखानं निघालं होतं. झाड यंत्राच्या डाव्या अंगाला, जरासं खाली, सगळ्यांना दिसेल असं उभं. ती ओरडली, दादा, डावीकडे झाड आहे! पण कानांवर टोपणं होती. ती धावली. उतार तिच्या पायाखालून निसटत होता, हातांना काटे लागत होते. झाड एकदा थरथरलं, वाकलं आणि हातोड्यांखाली गेलं. कडकड आवाज झाला आणि यंत्र जराही न अडखळता पुढे सरकलं. दादाच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग त्याचे हात थांबले. दांड्या सुटल्या तसं यंत्र जागच्या जागी उभं राहिलं. दादानं टोपणं काढली, नाक वर केलं आणि वास घेतला. सगळ्या उतारावर ओल्या, हिरव्या लिंबाच्या पानांचा घमघमाट सुटला होता.

“लिंबाचा वास कुठून येतोय?” दादानं विचारलं.

चिमी त्याच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर येऊन उभी राहिली होती. तिनं हात वर करून त्याच्या कानाच्या रेषेत धरला आणि बोटं हलवली, दुकानात हलवायची तशी. दादा समोर बघत राहिला. तिनं हात पुढे आणला. बोटं हलवली. आणखी पुढे. जवळजवळ नाकासमोर आल्यावर त्यानं दचकून मान वळवली आणि म्हणाला, अगं, तू इथे आहेस होय? चिमीनं हात खाली घेतला. तो हात कुठे ठेवावा ते तिला कळेना.

“लिंबू गेलं, दादा.”

दादानं मान हळूहळू फिरवून वळणाकडे पाहिलं. तिथे आता पांढरं, चिंधड्या झालेलं खोड होतं. मग तो म्हणाला, मला वाटलं घाणेरीच आहे. वाटलं म्हणजे तिथे काही आहे असंच नाही वाटलं.

दुकानदार फोन संपवून आला. आल्या आल्या त्यानं पाहिलं, समजला, आणि त्या बोलक्या माणसानं एक शब्द न बोलता दादाच्या गळ्यातला रिमोट काढून घेतला. लाल बटण दाबून इंजिन बंद केलं. मग यंत्र धुवायला रस्त्यावरून पाणी आणायचं निमित्त काढून तो खाली गेला. विनोद करायची त्याची छाती झाली नाही.

दोघं भावंडं पडवीच्या पायरीवर बसली. दादाच सांगू लागला. पायऱ्या चुकतात. दाराची चौकट खांद्याला लागते. समोरचं लख्ख दिसतं, अगदी पलीकडच्या डोंगरावरची वाट दिसते, पण पायाजवळचं भांडं लाथाडलं जातं. आईचं करताना जागरणं झाली, त्यानं असेल असं वाटायचं. उतारावर कोयता घेऊन गेलो होतो एकदा, पाय कुठे पडतोय ते कळेना, रांगत खाली आलो. तेव्हापासून नाही गेलो. हे सगळं तो असं सांगत होता जणू शेजारच्या कोणाचं आहे.

“मला का नाही सांगितलंस?” चिमीनं विचारलं, आणि विचारता विचारताच हा प्रश्न आपण विचारायला नको होता हे तिला कळलं.

“तू म्हणाली होतीस ना, डोळे दाखवून जा म्हणून,” दादा म्हणाला. “मी म्हटलं, बघू. मग तू पुन्हा काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुला त्यातलं कळतं. गरज असती तर पुन्हा म्हणाली असतीस.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चिमी भांडली असती, रडली असती, काहीतरी करता आलं असतं. त्यानं नुसतं घरच्या रिवाजानं जे समजायचं ते समजून घेतलं होतं. तिच्यावर विश्वास ठेवून तो अंधारात चालत राहिला होता, आणि तो अंधार तिला ठाऊक होता. लाजेनं तिचे कान तापले. आई गेल्यावर ती इथे आठवडाभर राहिली होती. तेव्हा एकदा, फक्त एकदा, बोटं हलवून बघायला काय लागलं असतं?

“उद्या माझ्याबरोबर चल. मोठ्या डॉक्टरांना दाखवू,” ती म्हणाली.

“बघू.”

“चल, दादा. उद्याच.”

“बरं,” दादा म्हणाला. जरा थांबून त्यानं विचारलं, “गेलेलं येतं का परत?”

चिमीनं रोज कितीतरी जणांना याचं उत्तर दिलं होतं. त्यासाठी तिच्याजवळ एक मऊ वाक्य तयार होतं, की आहे ते जपायचं. ते तिच्या तोंडून निघेना. ती म्हणाली, नाही येत. उरलेलं डोळ्यांत घालायच्या थेंबांनी राहील. दादानं मान डोलावली. आईसारखं व्हायचं नाही म्हणजे, असं म्हणून त्यानं खांद्यावरच्या पंच्याचं टोक उगाचच झटकलं.

खालून दुकानदाराची हाक आली. यंत्र ठेवायचं की परत न्यायचं, असं तो विचारत होता, आणि ठेवायचं तर चालवणार कोण. तोच प्रश्न, जो त्यानं शेडमध्ये विचारला होता. चिमीनं वरूनच ओरडून सांगितलं, ठेवा, मी चालवणार, मला शिकवा. दर रविवारी येईन. दादा हसला. म्हणाला, तुला साधी सायकल यायची नाही नीट, तू काय चालवणार? आणि दुकान? रविवारीच तर गर्दी असते म्हणतेस. चिमी म्हणाली, रविवारी बंद ठेवेन. हे बोलताना तिला आतून स्पष्ट कळत होतं की हाही पुन्हा एक सौदाच आहे. पण निदान या सौद्यात लांब उभं राहायचं नव्हतं.

तरीही एक सांगायचं राहिलंच होतं. दादा उठून आत जाऊ लागला, एक हात भिंतीला लावून, तेव्हा ती म्हणाली, “दादा, मी विसरले नव्हते. तेव्हा मुद्दामच नाही विचारलं पुन्हा. तू आला असतास तर आईजवळ मला थांबावं लागलं असतं.”

दादा भिंतीपाशी थांबला. तिच्याकडे बघायला त्यानं आधी मान फिरवली, मग आणखी थोडी फिरवली, तेव्हा कुठे ती त्याला सापडली.

“माहीत आहे गं,” तो म्हणाला. “सोपं नव्हतंच ते. मलाही कितीदा वाटायचं, उठून निघून जावं.”

चिमीला रडू आलं. दादा परत येऊन तिच्याजवळ बसला. तिची समजूत कशी घालावी ते त्याला सुचेना, तेव्हा मोठ्या भावाला सुचतं तेच त्याला सुचलं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, जेवढा त्याला दिसत होता तेवढ्याकडे, आणि काळजीनं विचारलं, “तू तुझे डोळे तपासतेस ना पण?”

चिमीनं मान खाली घातली. “हो,” ती म्हणाली. “दरवर्षी.”

“बरं करतेस,” दादा म्हणाला. त्याला खरोखरच हायसं वाटलं होतं. मग तो उठला आणि दुकानदारासाठी पुन्हा चहा टाकायला आत गेला.